सोन्याची जेजुरी, करड्या पायऱ्या : कृष्णधवल फोटोत फक्त भंडारा पिवळा ठेवावा का?

कऱ्हाकाठ

मंडळी, मदत हवी आहे आणि मतही हवं आहे.

गेल्या सोमवतीला जेजुरीला गेलो होतो. पालखी कऱ्हेवर स्नानाला निघायच्या आधी गडाच्या पायऱ्यांवर तासभर उभा होतो. एका दीपमाळेच्या कट्ट्याला टेकून एक आजोबा उभे होते. सत्तरीच्या पुढचे, धोतर, बंडी, डोक्याला पटका, गळ्यात भंडारी म्हणजे भंडाऱ्याची पिशवी. "सदानंदाचा येळकोट" झाला आणि त्यांनी मूठ वर फेकली. तेवढ्यात बटण दाबलं. मूठ नुकती उघडली आहे, बोटं पसरली आहेत आणि हात आणि आभाळ यांच्यामध्ये हळदीचा लोट थांबल्यासारखा दिसतोय. इतक्या वर्षांत असा फोटो मला मिळाला नव्हता.

पण मागे निळी ताडपत्री आहे, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, गुलाबी टोप्या आहेत आणि वर धरलेले आठ-दहा मोबाइल आहेत. रंगीत फोटोत नजर आधी ताडपत्रीवर जाते. म्हणून कृष्णधवल केला. ताडपत्री लगेच विरून गेली, आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या वर आल्या, फोटो एकदम शांत झाला. फक्त भंडारा गेला! म्हणजे दिसतो, पण राख उडवल्यासारखा किंवा पीठ चाळल्यासारखा.

म्हणून वाटलं, सगळं कृष्णधवल आणि भंडारा तेवढा पिवळा ठेवावा. फोनवरच्या एका अ‍ॅपने आपोआप करून पाहिलं तर अर्धा चेहरा पिवळट, पायऱ्यांवर मधेमधे डाग, आणि मुठीभोवती कात्रीने कापल्यासारखी कड. प्रश्न दोन :
१. हे नीट कसं करतात?
२. करावं का? लग्नाच्या अल्बमसारखं दिसेल अशी भीती वाटते.

मूळ फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही आहे. १/१००० सेकंद, ३५ मिमी.

चहाटळ

वाचतोय. येळकोट येळकोट जय मल्हार! प्रचि (प्रकाशचित्र) टाका की, नुसत्या वर्णनावर किती दिवस काढायचे?

भिंगवाला

आधी पहिला प्रश्न, कारण त्याला सरळ उत्तर आहे.

गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातलं सांगतो. फोटो उघडा, लेयरची (थराची) नक्कल करा. वरच्या लेयरवर 'कलर्स' मेनूतून 'डिसॅच्युरेट' करा. आता वर करडा, खाली रंगीत. वरच्या लेयरला पांढरा मास्क जोडा. मऊ कडेचा ब्रश घ्या, रंग काळा, आणि भंडाऱ्यावरून फिरवा. मास्कवर काळं म्हणजे वरचा लेयर तिथे झाकला गेला, म्हणून खालचा रंग दिसतो. चुकलात तर त्याच जागी पांढरा ब्रश फिरवा. फोटोशॉपमध्ये नक्कलही लागत नाही. 'ब्लॅक अँड व्हाइट' हा अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकला की मास्क सोबतच येतो. 'एक्स' दाबलं की काळा-पांढरा अदलाबदल होतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळा. इमेज मेनूतून पूर्ण फाइलचा 'मोड' ग्रेस्केल करू नका. तसं केलं की फाइलमधून रंगच जातात आणि मास्कखाली दाखवायला काही उरत नाही. आणि वरचा लेयर खोडरबराने पुसू नका. पुसलेलं उद्या परत आणता येत नाही, मास्क कधीही बदलता येतो.

आता तुमची खरी अडचण. हिरवा चुडा, छत्री, रिक्षा यांना कड असते. भंडाऱ्याच्या धुळीला कडच नाही. ब्रशने ती कधीच नीट रंगणार नाही. इथे रंगावरूनच निवड करावी लागेल. फोटोशॉपमध्ये 'कलर रेंज', गिंपमध्ये ह्यू-सॅच्युरेशनच्या खिडकीत पिवळा सोडून बाकी पाच रंगांचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उणे १००. लाइटरूममध्ये तेच काम एचएसएल या रंगांच्या स्लायडरमध्ये होतं. तिथे आठ रंग आहेत, त्यातला नारिंगीही वेगळा आहे, आणि तुमचा घोळ तिथेच झाला असणार. हळदीचा रंग पिवळा आणि नारिंगी यांच्या मधला, आणि आपल्या कातडीचा रंगही नारिंगीतच येतो. अ‍ॅपला आजोबांचा गाल आणि भंडारा यांत फरक कळला नाही. म्हणून रंगावरून ढोबळ मास्क बनवा आणि मग हाताने चेहऱ्यावरचा मास्क काढा. दोन्ही मिळूनच होतं.

एक विनंती. आयड्रॉपरने (रंग टिपायच्या साधनाने) चार जागांचे आरजीबी, म्हणजे लाल-हिरवा-निळा यांचे आकडे द्याल का? हवेतला भंडारा, उन्हातली पायरी, ताडपत्री, पटका.

प्राचीताई

फोनवरच करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये हाताने करता येतं, आपोआपवाल्यापेक्षा खूप बरं. आधी पूर्ण फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, मग 'व्ह्यू एडिट्स'मध्ये जाऊन त्या पायरीवर टिचकी मारा, ब्रशचं चिन्ह येतं. मास्क उलटा करा, आकडा ० ठेवा आणि जिथे रंग हवा तिथे बोट फिरवा. फोटो जेवढा मोठा करून बघाल तेवढा ब्रश बारीक होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नातीच्या बारशाचे फोटो मी असेच केले, पाळण्यावरचं चिमणाळं तेवढं रंगीत. सगळ्यांना आवडले.

पाणंद

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर : करू नका.

मनापासून सांगतो, राग नसावा. असा फोटो पाहिला की डोळा थेट रंगाच्या ठिपक्यावर जातो आणि तिथेच बसतो. बाकीचा फोटो नुसता किनार होऊन राहतो. तुम्ही ज्या सुरकुत्यांचं कौतुक करताय त्या कुणी बघणार नाही. बघणाऱ्याने फोटोत फिरावं, थांबावं, स्वतःला सापडेल ते घ्यावं. इथे फोटोग्राफर हात धरून नेतो आणि "हे बघ" म्हणतो. लाल गुलाब, लाल छत्री, लाल टपालपेटी असं एकेकाळी इतकं झालं की आता त्या युक्तीत आश्चर्य उरलेलं नाही.

ताडपत्री खुपते तर चौकट कापा. किंवा पूर्ण कृष्णधवल ठेवा आणि भंडारा राखेसारखा का दिसतो त्यावर मेहनत करा.

मांडववाली

पाणंद, मी अकरा वर्षं लग्नं काढते, म्हणून बोलते. तुमचं निम्मं पटतं. सुरुवातीला मीही अल्बमच्या दर चौथ्या पानावर हे करायचे. नवरीचा शालू रंगीत, नवऱ्याचा फेटा रंगीत, केकसुद्धा रंगीत. आज ते अल्बम बघवत नाहीत.

पण एक प्रकार मी अजून करते आणि करत राहीन. हिरवा चुडा भरतानाचा हात. कासारीण बांगडी चढवतेय, नवरीने ओठ दाबलेत, आई मागून बघतेय. पूर्ण कृष्णधवल केला तर त्या नुसत्या बांगड्या होतात, कुठल्याही दिवशीच्या. हिरव्या ठेवल्या की तो चुडा होतो. मेंदीचं तसं नाही. मेंदी कृष्णधवलमध्येही मेंदीच राहते, कारण ती नक्षीवरून ओळखू येते.

तेव्हा माझा नियम एवढाच. रंग गेल्यावर वस्तू कुठली हे कळेनासं झालं, तरच तिचा रंग ठेवायचा. कऱ्हाकाठ यांनी "राख उडवल्यासारखा" म्हटलंय ना, त्यावरून मला वाटतं भंडारा त्यात बसतो.

कऱ्हाकाठ

@भिंगवाला, आकडे घ्या :
हवेतला भंडारा २३०, १७०, ३०
उन्हातली पायरी १७०, १६५, १५५
ताडपत्री ४०, ११०, २००
पटका (लाल आहे) १५०, ३०, ३५

@मांडववाली, तुमची कसोटी फार आवडली. @पाणंद, राग कसला, म्हणून तर विचारलं.

भिंगवाला

झकास. आता बघा राख का दिसते.

रंगीताचा करडा करताना तिन्ही रंगांना सारखं वजन नसतं. आपला डोळा हिरव्याला जास्त आणि निळ्याला कमी दाद देतो, म्हणून एक जुनं आणि अजूनही सर्रास वापरलं जाणारं सूत्र आहे : लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४. तुमचे आकडे त्यात घातले :

भंडारा १७२. पायरी १६५. ताडपत्री ९९. पटका ६६.

० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. भंडारा आणि उन्हातला दगड यांत फक्त ७ चा फरक! रंगीत फोटोत जी गोष्ट सगळ्यांत झळकत होती ती करड्यात दगडाची भुकटी झाली. फोटो चुकलेला नाही, त्या दोन गोष्टींमधला सगळा फरक रंगातच होता, उजेडात नव्हता.

पाणंद म्हणतात तशी मेहनत करता येते. ब्लॅक अँड व्हाइट लेयरमध्ये रंगांचे सहा स्लायडर असतात. पिवळा वर नेला की भंडारा पांढुरका होतो, खाली नेला की गडद. पांढरा केलात तर पीठ, गडद केलात तर धूर. हळद मात्र कुठल्याच टोकाला होत नाही. मी स्वतः जेजुरीच्या एका फोटोवर अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

आणि मास्क वापरणार असलात तर पिवळा स्लायडर फार हलवू नका. धुळीच्या कडेला मास्क अर्धवट असतो, तिथे रंगीत आणि करडा एकमेकांत मिसळतात. दोघांचा उजेड सारखा नसेल तर लोटाभोवती काळसर किंवा पांढुरकं वलय येतं.

स्टुडिओकर

हा धागा वाचून वडिलांची आठवण झाली, म्हणून जरा लांबचं सांगतो.

आमचा सांगलीकडे स्टुडिओ होता. रंगीत फिल्म येण्याआधी आणि आल्यावरही बरीच वर्षं वडील फोटो हाताने रंगवायचे. प्रिंट मॅट कागदावर काढायची, कारण चकचकीत कागदावर रंग धरत नाही. बऱ्याचदा आधी सेपिया टोन करून घ्यायची, म्हणजे कातडीखाली ऊब येते. मग फोटोचे तैलरंग. काडीला कापूस गुंडाळून त्याने रंग लावायचा आणि दुसऱ्या कोरड्या कापसाने पुसत पुसत इतका पातळ करायचा की खालचा फोटो त्यातून दिसला पाहिजे. सगळा फोटो क्वचितच रंगवायचे. गिऱ्हाइकाला परवडायचं नाही आणि वडिलांना आवडायचंही नाही. गालाला किंचित गुलाबी, दागिन्याला पिवळा, काठाला हिरवा किंवा जांभळा, बस.

आणि बाईचा फोटो असला की सगळ्यांत आधी कुंकू. ते का, हे मला खूप उशिरा कळलं. जुन्या काचा आणि ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग जवळजवळ बघतच नसत. डार्करूममध्ये लाल दिवा चालतो तो याच कारणाने, कागदाला लाल उजेड दिसत नाही. त्यामुळे आजीच्या वेळच्या फोटोंमध्ये कुंकू काळं येतं. घरोघरी भिंतीवरचे जुने फोटो बघा, कपाळावर काळा ठिपका दिसेल. गावाकडच्या बायका फोटो हातात घेतल्या घेतल्या तेच म्हणायच्या, "कुंकू काळं का?" वडील तिथल्या तिथे काडी घेऊन लाल करून द्यायचे. त्याचे वेगळे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

तेव्हा पाणंदसाहेब, ही युक्ती संगणकाने आणलेली नाही. फोटोची पद्धत जगासमोर आली १८३९ मध्ये आणि पुढच्या दोन-चार वर्षांतच लोक फोटोंवर रंग चढवू लागले होते. फोटोतून काहीतरी निसटतंय हे पहिल्यापासून माणसाला जाणवत होतं.

प्राचीताई

काका, आत्ता उठून पणजीचा फोटो बघितला. काळंच आहे. इतकी वर्षं मी समजत होते की त्या काळी काळं लावत असतील.

पाणंद

स्टुडिओकर काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. कुंकवाची गोष्ट मनात राहील. माझा एक मुद्दा तरीही उभा आहे, तो असा की तुमचे वडील गेलेला रंग परत आणत होते. इथे असलेले रंग आपण काढून टाकतोय आणि एक निवडून ठेवतोय. दोन्ही दिसायला सारखं, पण करणाऱ्याची जबाबदारी वेगळी. तुमच्या वडिलांनी बाईचा काठ हिरवा केला तर तो हिरवा होता म्हणून केला.

स्टुडिओकर

खरं आहे. म्हणून ते गिऱ्हाइकाला विचारून वहीत लिहून ठेवायचे. "लुगडं अंजिरी, काठ पिवळा, चोळी हिरवी." त्या वह्या अजून आहेत माझ्याकडे.

दोनरंगी

एक वेगळी बाजू. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, जन्मापासून. बायकांपेक्षा पुरुषांमध्ये हे बरंच जास्त असतं, कारण तो दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मांडववाली यांचा हिरवा चुडा किंवा पानांमधलं लाल फूल माझ्यापर्यंत अर्धवटच पोचतं. बऱ्याचदा मला सांगावं लागतं की हा भाग रंगीत ठेवलाय. पिवळा आणि निळा मात्र स्वच्छ दिसतात. करड्यातला पिवळा मला लांबूनही दिसेल. तुमचा फोटो बघायची उत्सुकता आहे.

वारकरीपोर

अवांतर : वारीचे फोटो पूर्ण कृष्णधवल चांगले दिसतात त्याचं कारण आज लक्षात आलं. बुक्का मुळातच काळा! पांढरे सदरे, काळा बुक्का, काळे-सावळे चेहरे, करडं आभाळ. खंडोबाचा सगळा कारभार मात्र पिवळा.

चहाटळ

म्हणजे विठोबा कृष्णधवल आणि खंडोबा रंगीत. नावातच 'कृष्ण' आहे बघा :) दिवे घ्या, म्हणजे गमतीने घ्या.

वारकरीपोर

दिवा घेतला. आवडला.

मांडववाली

अवांतराला जोडून एक कामाचं. जेजुरीला किंवा हळदीच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी लेन्स तिथे बदलू नये. हळद फार बारीक असते, झूमच्या कड्यात शिरली की फिरवताना करकर आवाज येतो. पुढे साधा पारदर्शक फिल्टर लावा, अंगावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग कोरडा ब्रश. ओलं फडकं सगळ्यांत शेवटी, नाहीतर तिथेच लेप बसतो.

आणि पट्टा साबणाने धुवू नका, लालभडक होतो!

प्राचीताई

होतोच. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते. जुन्या पद्धतीने कुंकू तसंच तर करतात, हळदीवर चुन्याची किंवा खाराची प्रक्रिया करून. पट्टा साध्या पाण्याने धुवून कडक उन्हात दोन दिवस टाका, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

रंगपेटी

मी चित्रकला शिकवते. वर कुणी बोललं नाही अशा एका गोष्टीबद्दल लिहिते.

शेव्हरल नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लां या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी यायच्या. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांमुळे तो काळा तसा दिसत होता. त्यावर त्याचा ग्रंथ आला तोही १८३९ मध्येच, म्हणजे काकांनी सांगितलेल्या वर्षीच. सार असं की कुठलाही रंग शेजारच्या रंगावर आपल्या विरुद्ध रंगाची झाक टाकतो.

तुमच्या फोटोत याचा थेट परिणाम होणार. भरपूर पिवळ्याच्या शेजारी शुद्ध करडा ठेवला की तो करडा निळसर-जांभळट भासतो. फाइलमध्ये आरजीबी तंतोतंत सारखे असले तरी! पायऱ्या थंड, आजारी दिसतील आणि भंडारा वरून चिकटवल्यासारखा. उपाय सोपा आहे. करड्याला अगदी किंचित ऊब द्या, सेपिया म्हणण्याइतकी नाही, तीन-चार टक्के. काकांचे वडील रंगवण्याआधी सेपिया करायचे त्यात हेही शहाणपण होतं असं मला वाटतं.

दुसरं, पिवळा उजेड उडतो. आजोबांच्या हनुवटीखाली, बंडीच्या खांद्यावर, वर केलेल्या हाताच्या आतल्या बाजूला हळदीची झाक आली असेल. तिथला मास्क पूर्ण बंद करू नका. ब्रशची अपारदर्शकता २० टक्क्यांवर आणून हलकेच फिरवा. एवढ्यानेच लोट हवेत उभा राहील.

भिंगवाला

रंगपेटी, हे फार मोलाचं. मी नुसता आकड्यांत अडकलो होतो.

त्यात एक भर. काम रॉवरून करा, जेपेगवरून नको. जेपेगमध्ये बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवतात. नेहमीच्या प्रकारात आडवी निम्मी आणि उभी निम्मी, म्हणजे चार पिक्सेलना मिळून एक रंग. एरवी डोळ्याला कळत नाही. पण शेजारचा सगळा रंग काढला की बोटांच्या कडेला पिवळं ओघळलेलं दिसतं. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेली प्रत तर अजून दाबलेली असते, तिच्यावर असलं काम करूच नये.

काही कॅमेऱ्यांत आतच 'एकच रंग ठेवा' असा मोड असतो. तो जेपेग घेताना वापरलात तर बाकीचे रंग कायमचे गेले. तेव्हा तो नुसता गंमत म्हणून.

कऱ्हाकाठ

पहिला नीट प्रयत्न केला. रॉवरून, गिंपमध्ये, चार रात्री. वर टाकलाय.

फक्त आजोबांच्या मुठीतला आणि वरच्या लोटाचा भंडारा पिवळा ठेवला. चेहऱ्यावरचा मास्क काढला, हनुवटीखाली २० टक्के. करड्याला किंचित ऊब. मागच्या गर्दीतल्या माणसांच्या कपाळावर, डोक्यावर, पायऱ्यांवरही भंडारा होता, तो करडा केला, म्हणजे नजर आजोबांवरच राहील. मोकळेपणाने सांगा.

मांडववाली

अहाहा! बोटांच्या फटीतून दिसणारी धूळ बघा. सुरेख.

दोनरंगी

मला दिसला, एका क्षणात. धन्यवाद.

प्राचीताई

तो गडद पटका किती उठून दिसतोय उजळ लोटापुढे. डोक्याचा आकार त्यानेच ठसतो.

नाझरेकर

मी जेजुरीजवळचाच. धागा पहिल्यापासून वाचतोय, आज लिहितो.

फोटो देखणा आहे, पण मला ती जेजुरी वाटली नाही. जेजुरीत एकटा माणूस पिवळा नसतो. सोमवतीला पायरी पिवळी, कमान पिवळी, दीपमाळा पिवळ्या, देवळापुढचं कासव पिवळं, तान्ह्या पोराचं टाळूसुद्धा पिवळं. ओळखीचा-अनोळखी सगळ्यांच्या अंगावर तोच भंडारा, कुणाच्या मुठीतला कुणाच्या डोक्यावर पडतो. तुम्ही तो सगळ्यांकडून काढून घेतलात आणि एकाला दिलात. आजोबांच्या मागे जी बाई आहे, तिच्या कपाळावर मळवट दिसतोय, तो तुम्ही राखेचा केलात. ते बघून पोटात कसंतरी झालं.

ताडपत्री काढा, फ्लेक्स काढा, काही म्हणणं नाही. भंडारा काढू नका.

पाणंद

नाझरेकर यांनी माझ्या मनातलं माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. मी पूर्ण तंत्रालाच नको म्हणत होतो, ते बरोबर नव्हतं. दोष तंत्रात नाही. रंग *वस्तूनुसार* ठेवला तर तो खरा राहतो. एका माणसापुरता ठेवला की फोटोग्राफरची मर्जी होते. हे कुठे स्पर्धेला पाठवणार असलात तर नियमही बघा. वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धांमध्ये पूर्ण कृष्णधवल सहसा चालतं, पण असा निवडक रंग चालेलच असं नाही.

मांडववाली

मागच्या बाईकडे मी बघितलंच नव्हतं. नाझरेकर, बरोबर आहे तुमचं. माझ्याच कसोटीने तिचा मळवटही रंगीत हवा.

रंगपेटी

सगळा भंडारा ठेवलात तरी नजर भरकटणार नाही. लांबचा पिवळा थोडा उतरवत न्या, पूर्ण काढू नका. पुढे १००, मधल्या पायऱ्यांवर ६०-७०, अगदी मागे ४०. उन्हात, धुळीत लांबचा रंग तसाही फिकाच दिसतो, त्यामुळे खोटं वाटणार नाही.

कऱ्हाकाठ

नाझरेकर, तुमचा प्रतिसाद वाचून त्या रात्री काम थांबवलं. मी तिथे उभा होतो, माझ्याही डोक्यावर कुणाचा तरी भंडारा होता, आणि घरी येऊन ते विसरलो.

नवीन मास्क पहिल्यापासून केला. आता फोटोत जिथे जिथे भंडारा आहे तिथे तो पिवळा आहे. बाईचा मळवट, पायऱ्यांच्या सांध्यांत साचलेला, दीपमाळेच्या कट्ट्यावरचा, कोपऱ्यातल्या पोराच्या केसांतला. रंगपेटी यांनी सांगितलं तसा मागे उतरवत नेला. ताडपत्री, फ्लेक्स, टोप्या, मोबाइल सगळे करडे. दुसरी प्रत वर टाकतोय.

नाझरेकर

आता आमची जेजुरी. येळकोट येळकोट जय मल्हार.

स्टुडिओकर

सुंदर. छापताना एक करा. साध्या रंगीत लॅबमध्ये करड्याला कधी हिरवी, कधी गुलाबी झाक येते आणि पिवळ्याशेजारी ती लपत नाही. आधी छोटा तुकडा छापून घ्या, घरी दिवसाच्या उजेडात बघा, मग मोठी प्रत सांगा. कागद मॅटच घ्या.

चहाटळ

आणि आजोबांना एक प्रत पोचवा राव.

कऱ्हाकाठ

पोचवली. त्या दिवशीच त्यांच्या मुलाचा नंबर घेतला होता. काकांनी सांगितल्याप्रमाणे तुकडा छापून बघितला, पहिला हिरवट आला, दुसरा नीट. १२ बाय १८, मॅट. रविवारी स्वतः घेऊन गेलो.

आजोबांनी फोटो दोन्ही हातांत धरून उंबऱ्याशी उजेडात नेला. भंडाऱ्यावरून बोट फिरवलं, मग कपाळाला लावलं. सून, नातवंडं जमली, मागच्या गर्दीत कोण कोण ओळखीचं आहे ते शोधून झालं. मग आजोबांनी पटक्यावर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "समदं झ्याक हाय, पर माजा पटका तांबडा व्हता की. लेकीनं घेतल्याला. ह्यो काळा कशापायी केला?"

मी म्हटलं, आजोबा, पुढच्या रविवारी दुसरा आणून देतो. पटका १५०, ३०, ३५ आहे आणि त्याला स्वच्छ कड आहे, त्यामुळे ब्रशनेच होईल ना, भिंगवाला? आज रात्री बसतोय.

भिंगवाला

ब्रशनेच. कड मऊ ठेवा, आणि पटक्यावर पडलेला भंडारा पिवळाच राहू द्या.